आधी बघा, ‘नाही’ म्हणतंय कोण

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका मराठी ग्रंथालयाची ऑनलाइन ग्रंथसूची उबंटू २०.०४ वर चालत होती. त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला आणि सूची २४.०४ च्या नव्या सर्व्हरवर हलवायचं ठरलं. रचना बऱ्याच ठिकाणी असते तशीच होती: पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे गनिकॉर्नवर चालणारं जँगो (पायथनमधलं अ‍ॅप यावर बनलेलं), त्यामागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि या सगळ्यांना उठवणारा-बसवणारा सिस्टमडी. जँगो आधीच ४.२ वर आणून तपासलेलं होतं, कारण जुन्या सर्व्हरचं पायथन ३.८ आणि नव्याचं ३.१२ ही दोन्ही त्या आवृत्तीला चालतात. म्हणजे अ‍ॅपमध्ये बदल जवळजवळ शून्य. तरीही दोन दिवसांत ४०३ (‘परवानगी नाही’) तीनदा आला, तिन्ही वेळा वेगळ्या कारणाने, आणि ५०२ (‘मागच्या सेवेकडून नीट उत्तर नाही’) लागोपाठ दोनदा आला, तोही वेगवेगळ्या कारणाने.

हा अनुभव क्रमाने लिहितोय, कारण ब्राउझरमध्ये दिसणारा आकडा आणि खरं कारण यांच्यात केवढं अंतर असतं ते त्यातून नीट दिसतं. आज्ञा, फोल्डरांची नावं आणि लॉगमधल्या ओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर सगळं रोमन लहान अक्षरांत टाइप करायचं आणि आकडेही इंग्रजी. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि चमॉडला (परवानग्या बदलणारी आज्ञा) देवनागरी ७५५ दिलं, तर ते ‘इनव्हॅलिड मोड’ म्हणून तिथेच थांबतं.

सुरुवातीलाच दोन टर्मिनल शेजारी-शेजारी उघडले. एकात ‘टेल -एफ’ लावून एनजिनएक्सचा एरर लॉग, दुसऱ्यात ‘जर्नल-सीटीएल -यू सूची -एफ’, म्हणजे सिस्टमडीने ठेवलेला सेवेचा लॉग. ब्राउझर मुद्दाम बंद ठेवला, कारण तो जुनं पान कॅशमधून दाखवतो आणि रीडायरेक्ट लक्षात ठेवतो. त्याऐवजी सर्व्हरवरूनच ‘कर्ल -आय’ने, म्हणजे ब्राउझरशिवाय पत्ता मागवणाऱ्या आज्ञेने, विचारलं. आणखी एक गोष्ट पहिल्याच तासात केली. एनजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये ‘अपस्ट्रीम-स्टेटस’ हा व्हेरिएबल जोडला. त्या जागी नुसती आडवी रेघ आली, तर उत्तर एनजिनएक्सनेच दिलंय, विनंती मागे गेलेलीच नाही. ५०२ किंवा ५०४ सोडून दुसरा आकडा आला, तर नकार अ‍ॅपचा आहे. या एका रकान्याने पुढे कितीतरी अंदाज वाचवले. परमिशनच्या गोंधळात सगळ्यात जास्त वेळ जातो तो चुकीच्या माणसाची समजूत काढण्यात. नकार कर्नलचा असू शकतो, एनजिनएक्सचा, सिस्टमडीचा, पोस्टग्रेसचा किंवा जँगोचा, आणि प्रत्येकाची भाषा निराळी असते.

थर एकेक करून उभे केले. सर्वात आधी फक्त स्टॅटिक फाइली: सीएसएस, फॉन्ट, बोधचिन्ह. अ‍ॅप अजून चालूसुद्धा नव्हतं. आणि पहिला ४०३ तिथेच आला.

जुन्या सर्व्हरप्रमाणे कोड ‘/होम/ग्रंथ/सूची’मध्ये ठेवला होता. एरर लॉगमध्ये ओळ होती: ‘ओपन() फेल्ड (१३: परमिशन डिनाइड)’. कंसातला १३ हा कर्नलचा आकडा. फाइल सापडली नाही असं त्याचं म्हणणं नाही, त्यासाठी २ येतो. १३ म्हणजे रस्त्यात कुठेतरी अडवलंय. इथे हात सवयीने ‘चमॉड -आर ७७७’कडे जातो. (तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि बाकीच्यांचे. वाचणं म्हणजे आर ४, लिहिणं २, चालवणं किंवा आत जाणं म्हणजे एक्स १, आणि ७ म्हणजे सगळंच.) स्टॅटिक फोल्डरला ७७७ दिलं असतं तरी ४०३ तसाच राहिला असता, कारण अडवणारा दरवाजा स्टॅटिक फोल्डरचा नव्हताच. इंदुरातल्या जुन्या वाड्यांत वावरलेल्याला हे लगेच पटेल. माजघरातलं कपाट सताड उघडं असलं तरी देवडीचा दरवाजा लावलेला असेल, तर पाहुणा कपाटापर्यंत पोचतच नाही. लिनक्समध्ये फोल्डरवरचा एक्स म्हणजे त्या दारातून आत जाण्याची मुभा, आणि वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ती लागते. आत काय-काय आहे याची यादी बघायला आर लागतो. नेमकं नाव माहीत असेल तर नुसत्या एक्सवरही पुढे जाता येतं.

वाटेतली सगळी दारं एकदम दाखवणारी आज्ञा म्हणजे ‘नेम-आय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग. तिने एकेका ओळीत एकेक पायरी मांडली: मूळ फोल्डर रूटचं, ७५५. होम रूटचं, ७५५. ‘ग्रंथ’ हे युजरचं घर, ७५०. त्याखाली सूची ७५५, स्टॅटिक ७५५, आणि फाइल ६४४. खालच्या तिन्ही पायऱ्या उघड्या, अडसर मधल्या घराला. एनजिनएक्सचे वर्कर उबंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालतात. तो ‘ग्रंथ’ही नाही आणि ग्रंथच्या गटातही नाही, म्हणून शेवटचा शून्य त्याच्या वाट्याला आला. मग जुन्या सर्व्हरवर कसं चालत होतं? तर उबंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं घर ७५५ ऐवजी ७५० ने बनवायला सुरुवात केली. जुने लेख आणि जुन्या स्क्रिप्ट घर ७५५ आहे असं गृहीत धरतात, त्यामुळे २०.०४ वरून वर येणाऱ्या प्रत्येकाला हा ४०३ भेटण्याची शक्यता मोठी.

खात्री करायला ‘सुडो -यू’ देऊन त्या वेब-युजरच्याच नावाने फाइलवर ‘स्टॅट’ चालवून पाहिलं. त्याच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘मला तर फाइल दिसतेय’ या म्हणण्याला अर्थ नसतो.

उपाय दोन होते. घराला ७५५ करणं किंवा अ‍ॅप घरातून बाहेर काढणं. घरात एसएसएचच्या चाव्या असतात, शेलचा इतिहास असतो, त्यामुळे ते उघडं करणं आम्हाला पटलं नाही. अ‍ॅप ‘/एसआरव्ही/सूची’मध्ये हलवलं. हे फोल्डर ७५५. आत कोड ‘ग्रंथ’च्या मालकीचा आणि ‘सूची’ या गटाचा, फोल्डर ७५० आणि फाइली ६४०. अ‍ॅप चालतं ते ‘सूची’ नावाच्या, लॉगिन नसलेल्या सिस्टम-युजरच्या नावाने. त्याला कोड वाचता येतो, बदलता येत नाही. स्टॅटिक फोल्डर ७५५ आणि फाइली ६४४. लिहायची मुभा अ‍ॅपला फक्त मीडिया फोल्डरात, म्हणजे जिथे मुखपृष्ठांचे फोटो येऊन पडतात तिथे. अ‍ॅपमध्ये उद्या एखादी फट निघाली तरी त्याला स्वतःचा कोड बदलता येऊ नये, हा या वाटणीमागचा हिशेब आहे, आणि ७७७ तोच मोडून टाकतं.

७७७ बद्दल इथेच सांगायला हवं. चुकून वरच्या फोल्डरापासून ते चालवलं, तर नुकसान फक्त ‘सगळं उघडं झालं’ एवढ्यावर थांबत नाही. घर किंवा चाव्यांचं फोल्डर इतरांना लिहिता येण्याजोगं झालं की एसएसएच त्या चाव्या स्वीकारत नाही आणि पुढच्या लॉगिनला तुम्ही बाहेर. पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर ७०० किंवा ७५० नसेल तर डेटाबेस उठतच नाही. मायएसक्यूएल सगळ्यांना लिहिता येणारी कॉन्फिग फाइल बाजूला ठेवतो आणि डीफॉल्टवर चालू होतो. म्हणजे एक ४०३ घालवायला गेलं की तीन नवी कोडी हाती येतात. संपूर्ण झाडावर काही करायचंच असेल तर ‘फाइंड’ वापरून फोल्डर वेगळे आणि फाइली वेगळ्या धराव्यात, नाहीतर चमॉडमध्ये मोठा एक्स द्यावा. तो फोल्डरांना आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइलींनाच एक्स लावतो, बाकीच्यांना हात लावत नाही.

फोल्डर हलवल्यावर स्टॅटिक फाइली २०० (‘ठीक’) देऊ लागल्या. वाटेत एक ४०४ (‘सापडलं नाही’) आला होता, तो कॉन्फिगचा. ‘रूट’ दिलं की एनजिनएक्स पत्त्यातला पूर्ण भाग त्यापुढे जोडतो, त्यामुळे स्टॅटिक फोल्डरलाच रूट म्हटलं तर तो ‘स्टॅटिक/स्टॅटिक’ शोधायला जातो. तिथे ‘एलियस’ हवा, आणि लोकेशनच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर एलियसच्या शेवटीही हवी. ती विसरली की फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव एकमेकांना चिकटतात. एरर लॉगमध्ये तो चिकटलेला मार्ग स्पष्ट दिसतो, तेवढं वाचलं की पुरे. कॉन्फिग बदलल्यावर दरवेळी ‘एनजिनएक्स -टी’, आणि तेही सुडोने. आपण बदललेली फाइल खरंच वापरात आहे का याबद्दल शंका असेल तर मोठ्या टीने सगळी जोडलेली कॉन्फिग छापून घ्यावी.

मग अ‍ॅपची सेवा चालू केली आणि जर्नलमध्ये आलं: ‘स्टेटस=२०३/एक्झेक’. युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) दिलेली गनिकॉर्नची फाइल जागेवर होती, चालवायची परवानगी होती, मालक बरोबर होता. ‘सुडो -यू’ने हाताने चालवली तर ‘नो सच फाइल’. डोळ्यांसमोर फाइल आणि उत्तर हे! कारण फाइलच्या पहिल्या ओळीत होतं. ‘हेड -१’ने ती पाहिली. वेनव्ह (अ‍ॅपची पायथन पॅकेजं ठेवणारं वेगळं फोल्डर) बनताना त्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर पायथनचा पूर्ण मार्ग कोरला जातो, आणि तो अजून ‘/होम/ग्रंथ/…’ असाच होता. फोल्डर हलवलं, माथ्यावरचा पत्ता जुनाच राहिला. कर्नलला स्क्रिप्ट सापडली होती, ती चालवणारं पायथन सापडत नव्हतं. वेनव्ह हलवायचं नसतं, नव्या जागी नव्याने बनवायचं असतं. इथे हलवण्याऐवजी नक्कल केली असती तर प्रकरण आणखी वाईट झालं असतं. जुनं पायथन जागेवर असल्यामुळे हाताने केलेल्या चाचण्या जुन्याच वेनव्हमधून चालल्या असत्या आणि नव्यात बसवलेली पॅकेजं का दिसत नाहीत हे कोणालाच कळलं नसतं. पायथनची पॅकेजं वेनव्हबाहेर टाकायला गेलं तर २४.०४ वर पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून सरळ नकार देतो. तो नकार योग्यच आहे, त्याला बगल देऊ नये.

सिस्टमडीचे असे आकडे पाठ असले की वेळ वाचतो. २०० म्हणजे दिलेल्या फोल्डरात जाता आलं नाही, २१७ म्हणजे तो युजरच नाही, २०३ म्हणजे कार्यक्रम सुरू करता आला नाही. यातलं काहीही आलं तर अ‍ॅपचा कोड अजून चाललेलाच नाही. तेव्हा पायथनमध्ये चूक शोधू नये. आणि युनिट फाइल बदलली की ‘डेमन-रीलोड’ करायचं, नाहीतर जुनीच युनिट चालत राहते.

सेवा उठली, पण सेटिंग वाचेना. पासवर्ड आणि गुप्त किल्ली ज्या एन्व्ह फाइलमध्ये होती तिच्यात दर ओळीआधी ‘एक्सपोर्ट’ लिहिलेलं होतं. शेलला ते चालतं. सिस्टमडीची एन्व्हायर्नमेंट-फाइल शेल नसते. ती अशी ओळ ‘इग्नोरिंग इनव्हॅलिड एन्व्हायर्नमेंट असाइनमेंट’ एवढी नोंद करून सोडून देते आणि सेवा तशीच पुढे जाते. ‘एक्सपोर्ट’ काढल्यावर चाललं. ही फाइल सिस्टमडी स्वतः रूट म्हणून वाचतो, त्यामुळे तिला रूटची मालकी आणि ६०० पुरते. अ‍ॅपच्या युजरला ती वाचता यायची गरज नाही.

त्याच फाइलची दुसरी गंमत मात्र अर्धा तास घेऊन गेली. सेवा डेटाबेसला व्यवस्थित जोडली जात होती, पण शेलमध्ये ‘सेट -ए’ देऊन फाइल सोर्स करून ‘मॅनेज.पीवाय’ चालवलं की ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’. पासवर्ड तोच, डेटाबेस तोच. ‘कॅट -ए’ने फाइल छापली तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी एक टोपी आणि मोठा एम दिसला. फाइल विंडोजवर दुरुस्त करून आली होती आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न चिकटलेला होता. शेलने तो पासवर्डचाच भाग मानला. ‘डॉस-टू-युनिक्स’ने एका क्षणात साफ झालं. डिप्लॉयच्या स्क्रिप्टवर हाच प्रकार झाला तर संदेशात ‘बॅश\आर’ असं विचित्र नाव येऊ शकतं. कॉन्फिगचा तुकडा वर्ड फाइलमधून चिकटवला की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, ‘कॅट -ए’ला जाणवतो.

डेटाबेस हा वेगळा दरबार. त्याच्या परवानग्या फाइलींच्या परवानग्यांशी संबंध ठेवत नाहीत, तरी शब्द तेच वापरतात, म्हणून घोळ होतो. जुना डेटा ‘पीजी-रिस्टोअर’ने ‘सूची’ या रोलच्या (डेटाबेसमधल्या युजरच्या) नावावर उतरवताना उत्तर आलं: ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’. २०.०४ वर पोस्टग्रेस १२ होता, २४.०४ वर १६ आहे. मधे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीने पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या डीफॉल्ट कप्प्यात) कोणालाही टेबल बनवण्याची सरसकट मुभा काढून टाकली. आता ती डेटाबेसच्या मालकाला असते. नव्या सर्व्हरवर डेटाबेस ‘पोस्टग्रेस’ या सुपरयुजरने बनवला होता, म्हणून मालक तोच. ‘ऑल्टर डेटाबेस सूची ओनर टू सूची’ ही एक ओळ दिली आणि रिस्टोअर पार पडला. अनेक जण इथे रोलला सुपरयुजर करून मोकळे होतात. अ‍ॅपला सुपरयुजर देणं हे डेटाबेसमधलं ७७७ आहे.

‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ हा संदेश आला तर पासवर्ड बदलत बसू नये. पीअर पद्धतीत पासवर्ड विचारलाच जात नाही. लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा रोल यांचं नाव एकच आहे का, एवढंच बघितलं जातं. अ‍ॅप ‘सूची’ म्हणून चालतं आणि रोलही ‘सूची’ आहे, त्यामुळे आम्ही पीअरच ठेवला. तेव्हापासून अ‍ॅपच्या जोडणीत पासवर्डच उरला नाही, आणि हाताने मॅनेज चालवायचं तर ‘सुडो -यू सूची’नेच. त्याचा आणखी एक फायदा झाला. सुडोने रूट म्हणून मॅनेज चालवलं की लॉग फाइल रूटच्या मालकीची बनते, पुढच्या रीस्टार्टला अ‍ॅपला तीत लिहिता येत नाही, वर्कर उठताक्षणी पडतात आणि बाहेर ५०२ दिसतो. तो मार्गच बंद झाला.

डेटाबेसकडे वळलोच होतो तर ‘शो सर्व्हर-एन्कोडिंग’ पाहून यूटीएफ-८ ची खात्री केली. मराठी सूचीसाठी एक बारीक गोष्ट इथेच बघून घ्यावी. कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) ‘सी’ किंवा ‘सी.यूटीएफ-८’ असेल तर अक्षरं युनिकोडच्या क्रमाने लागतात आणि त्या क्रमात ळ हा ल नंतर, व च्या आधी येतो. मग ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या वर जातो. मराठी वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर आहे. पोस्टग्रेसच्या ‘एमआर-एक्स-आयसीयू’ या कोलेशनने शीर्षकांची क्रमवारी लावली. ग्रंथालयात अकारविल्हे यादी चुकीची असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता कर्लला ४०० (‘विनंतीच चुकीची’) आला. अपस्ट्रीमच्या रकान्यातही ४००, म्हणजे बोलणारा जँगो. डीबग बंद केल्यावर अनुमत होस्टांच्या यादीत नसलेल्या नावाने आलेली विनंती तो अशीच परतवतो, आणि कर्ल तर ‘लोकलहोस्ट’ नावाने विचारत होता. ‘-एच’ने खरं होस्ट-नाव दिलं, पान आलं. यादीत चांदणी टाकून मोकळं होऊ नये, खरी नावं लिहावीत.

एचटीटीपीएसचं काम तसं सरळ झालं. मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडे चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे, एका नावासाठी तासाला ५ फसलेल्या पडताळण्या. म्हणून आधी ‘ड्राय-रन’ने चाचणी केली. प्रमाणपत्र लागल्यावर मुख्य पान उघडलं, पण कर्मचाऱ्यांच्या लॉगिनला ४०३. दिवसातला हा दुसरा ४०३, आणि एरर लॉगमध्ये एक अक्षर नाही. अपस्ट्रीमचा रकाना: ४०३. हा फाइलींचा नकार नव्हताच. ब्राउझर ‘मी एचटीटीपीएसवरून आलो’ सांगत होता, एनजिनएक्स आत साध्या एचटीटीपीने बोलत होता, आणि जँगोला दोन्ही जुळेनात म्हणून सीएसआरएफची (विनंती आपल्याच साइटवरून आली का, याची) तपासणी फसत होती. होस्टचं हेडर एनजिनएक्समधून पुढे जातच होतं, त्याच्या जोडीला ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर पाठवलं, जँगोच्या ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ या सेटिंगमध्ये त्या हेडरचं नाव दिलं, आणि लॉगिन झालं. हेच हेडर नसताना जँगोचं एसएसएल-रीडायरेक्ट चालू केलं तर पान स्वतःकडेच फिरत राहतं.

संध्याकाळी सूची ग्रंथालयाच्या काकांकडे तपासायला दिली. त्यांनी दुर्मिळ पुस्तकांची मुखपृष्ठं स्कॅन करून चढवायला घेतली. पहिल्याच फाइलला ४१३, म्हणजे ‘फार मोठी’. एनजिनएक्सची मर्यादा डीफॉल्ट १ एमबी असते, ती ‘क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ’ने १० केली. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला: “अरे, पुस्तकं तर दिसून राहिली आहेत, पण काही मुखपृष्ठं येतात आणि काही नाही येत. फोटो चांगला काढलेला असला की नक्की नाही येत!”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यातच उत्तर होतं. चांगला स्कॅन म्हणजे मोठी फाइल. मीडिया फोल्डरची यादी आकारासकट काढली. लहान फाइली ६४०, गट वेब-युजरचा. मोठ्या फाइली ६००, गट ‘सूची’. सीमारेषा २.५ एमबीवर. जँगो २.५ एमबीपर्यंतचं अपलोड मेमरीत ठेवतो आणि थेट मीडिया फोल्डरात लिहितो. त्याहून मोठं असेल तर आधी टेम्प फोल्डरात फाइल बनवतो, तीही ६०० परवानगीने, आणि मग ती जागेवर सरकवतो. मीडिया फोल्डरला आम्ही २७५० दिलं होतं. त्यातला पुढचा २ म्हणजे सेट-जीआयडी: आत बनणाऱ्या प्रत्येक फाइलला फोल्डरचा गट लागतो. पण तो लागतो बनताना. दुसरीकडे बनून त्याच डिस्कवर सरकवलेली फाइल स्वतःची परवानगी आणि स्वतःचा गट घेऊन येते. म्हणून लहान फोटो दिसत होते आणि मोठ्यांना ४०३ होता. अपस्ट्रीमच्या रकान्यात रेघ, एरर लॉगमध्ये पुन्हा १३.

जँगो ३.० पासून अपलोडच्या परवानगीचं डीफॉल्ट ६४४ आहे, त्यामुळे हे व्हायला नको होतं. पण जुन्या सेटिंग फाइलमध्ये ‘फाइल-अपलोड-परमिशन्स’पुढे कोणीतरी ‘नन’ (काहीच नाही) लिहून ठेवलं होतं. ६४० करून भागणार नव्हतं, कारण मोठ्या फाइलींचा गट चुकीचाच राहिला असता. म्हणून ६४४ केलं. बाहेरचं मीडिया फोल्डर २७५० असल्याने तिसऱ्या कोणाला आत शिरता येतच नाही. आधी चढलेल्या फाइली ‘फाइंड’ने शोधून एकदाच सुधारल्या.

हाच तर्क अल्मालिनक्स किंवा रॉकीवर काम करणाऱ्यांना दुप्पट लागू होतो. तिथे एसईलिनक्स या जादा सुरक्षा-थराचं लेबलही फाइलबरोबर सरकतं. घरातून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल घराचंच लेबल घेऊन येते आणि परवानग्या सगळ्या बरोबर दिसत असतानाही १३ येतो. ‘रिस्टोअर-कॉन’ने लेबल ठीक होतं, आणि एनजिनएक्सला मागच्या पोर्टशी बोलू देण्यासाठी ‘एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट’ हा स्विच चालू करावा लागतो. एसईलिनक्स बंद करायची गरज नसते. ‘ए-यू-सर्च’ने नोंद बघितली की कोणी कोणाला काय नाकारलं ते एका ओळीत मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं चालत असतानाच सर्व्हर मुद्दाम रीबूट केला. रीबूट न करता सोपवलेला सर्व्हर आम्ही पूर्ण झाला असं धरत नाही. उठल्यावर ५०२. एरर लॉग: ‘कनेक्ट() टू युनिक्स:/रन/सूची/सूची.सॉक फेल्ड (२: नो सच फाइल)’. गनिकॉर्नच्या सॉकेटसाठी (एनजिनएक्स ज्या फाइलमार्फत त्याच्याशी बोलतो ती) ‘/रन/सूची’ हे फोल्डर हाताने बनवलेलं होतं, आणि ‘/रन’ मेमरीत असतं, रीबूटला कोरं होतं. फोल्डर नाही, म्हणून गनिकॉर्नला सॉकेट बनवता आलं नाही. युनिट फाइलमध्ये ‘रनटाइम-डिरेक्टरी=सूची’ लिहिलं, म्हणजे सेवा उठताना सिस्टमडी ते फोल्डर बनवतो आणि सेवा थांबताना काढतो. जोडीला सावधगिरी म्हणून ‘रनटाइम-डिरेक्टरी-मोड=०७५०’ दिलं. डेमन-रीलोड, रीस्टार्ट, आणि पुन्हा ५०२.

ब्राउझरमध्ये तेच पान, तोच आकडा. लॉगमध्ये मात्र कंसातला २ जाऊन १३ आला होता. सॉकेट तयार होतं, गनिकॉर्न ते स्वतःहून सगळ्यांना उघडं ठेवतो. पण त्याच्या बाहेरचं ७५० चं फोल्डर ‘सूची’च्या गटाचं होतं आणि एनजिनएक्सला देवडीतच अडवलं जात होतं. पहिल्या दिवशीच्या घराची तीच गोष्ट, नव्या जागी. कंसात १११ आला असता तर अर्थ तिसराच: सॉकेटची फाइल आहे, ऐकणारं कोणी नाही. तेव्हा परवानग्या सोडून सेवा मेली का ते बघायचं.

मोड ०७५५ केला, सेवा रीस्टार्ट केली, कर्लला २०० आला. पुन्हा रीबूट केला. यावेळी हात न लावता सगळं उठलं, आणि अपस्ट्रीमच्या रकान्यात पहिली नोंद होती २००. ती काकांच्या संगणकावरून आलेली होती.